दोन जनगणनांच्या मधली माणसं: अमेरिकेतल्या राज्य-जनगणनेतून घराण्याचा माग कसा काढायचा

लेक चौथीत असताना शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. माझी बाजू बाबांनी फोनवर दहा मिनिटांत सांगून टाकली: सात पिढ्यांची नावं, कुलदैवत, मूळ गाव, आणि ते गाव सोडण्यामागचं भाऊबंदकीचं भांडणसुद्धा. नवऱ्याची बाजू मात्र त्याच्या पणजोबांपाशीच अडली. "आयरिश होते. ब्रुकलिनला राहायचे. गोदीत कामाला." सासूबाईंना एवढंच ठाऊक. (ब्रुकलिन म्हणजे आजच्या न्यू यॉर्क शहराचा एक भाग.) तक्ता तसाच अर्धा रिकामा शाळेत गेला आणि मला ते फार लागलं.

पुढची तीन वर्षं रात्रीची जेवणं आटोपली की मी हेच करत बसायचे. अमेरिकेत लग्न करून स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना, किंवा सून-जावई अमेरिकन असलेल्या आजीआजोबांना, कधीतरी हा प्रश्न पडतोच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी ज्या चुका करत गेले, त्या तुम्ही टाळा.

१. आधी केंद्राची जनगणना उरकून घ्या

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी फेडरल जनगणना होते. १८४० पर्यंत तिच्यात फक्त घरातल्या कर्त्याचं नाव असायचं, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येऊ लागलं. गुलामांची यादी वेगळी होती आणि तिच्यात बहुतेक ठिकाणी नावं नाहीतच, मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग तेवढं. कर्त्याशी नातं काय, हा रकाना १८८० साली आला. नोंदी ७२ वर्षं गुप्त राहतात, म्हणून १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला खुली झाली.

मग काही राज्यं मधल्या वर्षांत स्वतःची वेगळी जनगणना करायची, ती कशाला बघायची? दहा वर्षं फार मोठी असतात म्हणून. त्या काळी दहा वर्षांत माणूस बोटीतून उतरायचा, लग्न करायचा, तीन मुलं व्हायची, त्यातलं एक जायचं, आणि घर दोनदा बदलायचं. त्यातून १८९० ची जनगणना तर जवळजवळ नाहीच. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. ती विझवताना कागद भिजले, आणि जे उरले होते तेही १९३० च्या दशकात सरकारनेच नष्ट केले. सहा कोटींहून जास्त लोकांपैकी आज जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. म्हणजे १८८० नंतर एकदम १९००. वीस वर्षांचं भगदाड!

आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. १८८० साली नवऱ्याचे खापरपणजोबा, खापरपणजी आणि दोन लहान पोरं. १९०० साली तीच बाई, पण विधवा, आणि घरात पाच मुलं. मधे काय घडलं ते फेडरल कागदावर कुठेच नव्हतं.

या भगदाडाचा अंदाज यायला एक ओळखीचं उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, मग फिलाडेल्फियाला वैद्यकीच्या शिक्षणासाठी गेल्या, १८८६ साली पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. १८८० च्या जनगणनेवेळी त्या आलेल्या नव्हत्या आणि १८९० च्या वेळी हयात नव्हत्या. जगप्रसिद्ध विद्यार्थिनी, पण केंद्राच्या खानेसुमारीला तिचा पत्ताच नाही. न्यू जर्सीने १८८५ साली स्वतःची जनगणना केली होती, पण तेव्हा आनंदीबाईंचं शिक्षण पेनसिल्व्हेनियात चाललं होतं, आणि त्या राज्याने तशी जनगणना कधी केलीच नाही.

(भारतात असं काही करता येईल का, असं मला दर वेळी विचारतात. नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे व्यक्तीच्या नोंदी कुणाला पाहायला खुल्या नसतात. आपल्याकडे त्यासाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आणि मला विचाराल तर त्या कितीतरी रसाळ आहेत.)

२. बसण्याआधी हे जमवा

- घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा मृत्यूचा दाखला. त्यात बहुधा आईवडिलांची नावं असतात.
- वर्तमानपत्रातली निधनवार्ता, कबरीच्या दगडाचा फोटो.
- नागरिकत्वाचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं.
- कुटुंबाचं बायबल. मधल्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती.
- जुनी पत्रं. आतला मजकूर राहू द्या, पाकिटावरचा पत्ता पाहा.
- एक साधी स्प्रेडशीट: वर्ष, पत्ता, नाव जसं लिहिलंय तसं, वय, जन्मस्थान, धंदा, पान क्रमांक.

सासूबाईंकडे "काहीच नाही" होतं. नंतर माळ्यावरच्या नाताळच्या सजावटीच्या खोक्यात तीन पाकिटं निघाली. त्यामुळे "काहीच नाही" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

३. तुमच्या राज्याने जनगणना केली होती का, ते बघा

माझी पहिली घोडचूक इथलीच. मी धरून चालले की सगळी राज्यं पाचाच्या वर्षी, म्हणजे १८८५, १८९५, १९०५ अशी मोजणी करत असणार. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी आहे.

न्यू यॉर्कने १८२५ पासून दर दहा वर्षांनी केली, पण १८८५ साली गव्हर्नर आणि विधिमंडळाचं जमलं नाही म्हणून ती राहिली आणि १८९२ साली झाली. पुढे १९०५, १९१५ आणि शेवटची १९२५. न्यू जर्सीत १८५५ ते १९१५, दर दहा वर्षांनी. आयोवा आणि कॅन्सस १९२५ पर्यंत, मिनेसोटा १९०५ पर्यंत, ऱ्होड आयलंड थेट १९३५ पर्यंत. मिशिगनचा घोळ वेगळाच, तिथे १८८४ आणि १८९४. फ्लोरिडा आणि साउथ डाकोटाने १९४५ सालीसुद्धा केली. कॅलिफोर्नियाने एकदाच, १८५२ साली. ओहायो आणि व्हर्मॉन्टच्या वाटेला जाऊ नका, तिथे हे प्रकरण नाही.

१८८५ साली एक खास सोय झाली. राज्याने जनगणना केली तर निम्मा खर्च केंद्र देईल, असं ठरलं होतं. फक्त पाचांनी ते पैसे घेतले: कोलोरॅडो, फ्लोरिडा, नेब्रास्का, आणि तेव्हा राज्य नसलेले डाकोटा व न्यू मेक्सिको हे प्रदेश. त्यांच्या प्रती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या.

४. कोणत्या वर्षी काय विचारलं, ते आधी वाचा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात आणि मग नसलेलं उत्तर शोधत बसतात.

न्यू यॉर्कची १८५५ ची जनगणना माझी लाडकी. प्रत्येकाचं नाव, कर्त्याशी नातं (फेडरलच्या पंचवीस वर्षं आधी!), जन्म याच राज्यात झाला असेल तर कोणत्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि या गावात किती वर्षं आहात. शिवाय घर लाकडी, विटांचं, दगडाचं की ओंडक्यांचं, आणि त्याची किंमत काय. १८६५ साली बायकांना किती मुलं झाली आणि कुणाचं कितवं लग्न, हेही विचारलं.

त्यानंतर १८९२ ची उघडाल तर तोंड वाकडं होईल. नाव, लिंग, वय, वर्ण, जन्मदेश, नागरिक की परका, धंदा. संपलं. नातं नाही, पत्ता नाही, एक घर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं याची खूणही नाही. एकाच पानावर नावांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी. आडनाव बदललं की घर बदललं असं धरायचं, आणि सासू किंवा मेहुणा सोबत राहत असेल तर फसायचं. १९०५ आणि १९१५ मध्ये पत्ता आणि नातं आलं, शिवाय अमेरिकेत किती वर्षं हेही. १९२५ मध्ये नागरिकत्व केव्हा आणि कोणत्या कोर्टात मिळालं, तेही. बोटीचा कागद, म्हणजे प्रवाशांची यादी, शोधायचा असेल तर तिथूनच सुरू करा.

न्यू जर्सीच्या १८८५ च्या कागदात वय नाहीच, वयाचे गट आहेत: पाचपर्यंत, पाच ते वीस, वीस ते साठ, साठच्या वर. वीस ते साठ! सासू, सून आणि नवरा तिघंही एका रकान्यात. जन्मदेशाचंही तसंच: इथले, आयरिश, जर्मन आणि "इतर". आनंदीबाई त्या वेळी रोझेलला सापडल्या असत्या, तरी "इतर"मध्ये एक खूण होऊन राहिल्या असत्या.

कॅन्ससमध्ये १८७५ पासून एक सुंदर रकाना आहे: कॅन्ससला कुठून आलात? जन्म कुठला ते वेगळं, आणि इथे येण्याआधी कुठे होता ते वेगळं. फिरस्त्या कुटुंबांसाठी हे एवढंच पुरतं. आणि आयोवाची १९२५! तिच्यात आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव आणि त्या दोघांचं लग्न कुठे झालं तेही विचारलंय. बायकांची माहेरची बाजू ही या सगळ्या शोधातली सर्वांत मोठी अडचण असते. ज्यांचं कुटुंब १९२५ साली आयोवात होतं, त्यांचा मला हेवा वाटतो.

५. कागद कुठे मिळतात

बहुतेक सगळं आता घरबसल्या दिसतं. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मॉर्मन चर्च चालवतं आणि ते फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. काही पानांच्या प्रतिमा मात्र त्यांच्या केंद्रात जाऊनच पाहता येतात. अँसेस्ट्री या दुसऱ्या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण लगेच कार्ड काढू नका. आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. अनेक वाचनालयांत ती तिथल्या संगणकावर मोफत असते. न्यू यॉर्क राज्यात राहणाऱ्यांना त्या राज्याच्या बऱ्याच नोंदी अँसेस्ट्रीवर राज्य अभिलेखागारातर्फे फुकट बघता येतात. मी हे कळण्याआधी आठ महिन्यांची वर्गणी भरली होती.

सगळ्या काउंट्यांचे कागद मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. मार्च १९११ मध्ये न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या विधानभवनाला आग लागली आणि राज्याकडच्या प्रती जळाल्या. आज जे दिसतं ते काउंटीच्या कारकुनांकडे राहिलेल्या दुसऱ्या प्रतींवरून. म्हणून ब्रुकलिनची १८९२ ची नोंद आहे, आणि नदीपलीकडच्या मॅनहॅटनची नाही. तुमचं कुटुंब सापडत नसेल तर आधी तिथला कागद तरी उरलाय का, हे पाहा.

काउंटीच्या सीमांचाही असाच सापळा आहे. न्यू यॉर्क शहराचा ब्रॉन्क्स हा भाग १९१४ साली वेगळी काउंटी झाला. १९०५ ची ब्रॉन्क्समधली माणसं न्यू यॉर्क काउंटीत शोधायची आणि १९१५ ची ब्रॉन्क्समध्ये, जरी ती त्याच घरात त्याच खिडकीत बसलेली असली तरी.

६. नाव शोधू नका, घर शोधा

प्रगणक दारात उभा राहून ऐकू येईल तसं लिहायचा. सांगणारी कुणीही असायची, कधी शेजारीण. मग शंभर वर्षांनी ते अक्षर बघून तिसऱ्याच कुणी संगणकात नाव चढवलं. या तीन हातांतून आलेलं आडनाव शाबूत राहील कसं? ओब्रायनचा ब्रायन होतो, श्मिटचा स्मिथ होतो. पहिली नावं तर कापूनच लिहायचे. जे-ए-एस म्हणजे जेम्स, सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स, आणि जे-एन-ओ म्हणजे जॉन. का, ते मला विचारू नका.

म्हणून असं करा:

आडनावाचं पहिलं अक्षर, मग तारका, मग शेवटची दोन-तीन अक्षरं असा शोध द्या. तारकेच्या जागी काहीही चालतं.

तेही फसलं तर आडनाव पूर्ण काढून टाका. बायकोचं पहिलं नाव, तिचं अंदाजे वय, आणि घरातल्या सर्वांत वेगळ्या नावाचं मूल एवढंच घाला. जॉन आणि मेरी ढिगाने मिळतील, पण जॉन, मेरी आणि बार्थॉलोम्यू एका घरात फारसे नसतात.

तरीही नाही, तर पत्ता धरा. त्या काळच्या शहर-निर्देशिका छापील आहेत, त्यात नाव, धंदा आणि घराचा पत्ता मिळतो. न्यू यॉर्क शहराच्या १९०५ ते १९२५ च्या जनगणना विधानसभा मतदारसंघ आणि त्यातल्या मतदान-विभागाप्रमाणे लावलेल्या आहेत. पत्त्यावरून विभाग काढून देणारी फुकट सोय स्टीव्ह मोर्स यांच्या संकेतस्थळावर आहे. हे तेच गृहस्थ, ज्यांनी इंटेलच्या ८०८६ चिपची रचना केली. विभाग कळला की पान पान उलटायचं. वीस-पंचवीस पानं असतात, एक संध्याकाळ जाते. मी पोळ्यांची कणीक भिजवून ठेवून बसायचे आणि ती सुकायची.

७. सूचीवर थांबू नका, मूळ पान उघडा

संकेतस्थळावर शोध घेतल्यावर दिसणाऱ्या सूचीत फक्त नाव, वय, जन्मस्थान येतं. मूळ पानावर शेजारी असतात, आणि शेजारी म्हणजे निम्मं गाव. आयर्लंडमधल्या एका परिसरातून आलेली माणसं ब्रुकलिनमध्ये एकाच गल्लीत राहायची, अगदी गिरगावातल्या कोकण्यांच्या चाळीसारखी. वरची पाच आणि खालची पाच घरं उतरवून घ्या. बायकोचं माहेर बहुतेक त्यातच कुठेतरी निघतं.

अक्षर लागत नसेल तर त्याच पानावरचं सहज वाचता येणारं नाव शोधा आणि त्या माणसाचा "एस" कसा, "एल" कसा ते शिकून घ्या. मोडी वाचायला बसलेल्यांना ही युक्ती नवी नाही.

वयावर भांडू नका. आमच्या खापरपणजीबाई १८८० ते १९०० या वीस वर्षांत फक्त पंधरा वर्षांनी वाढल्या. जन्मदेशावरही नको. पोलिश कुटुंब १९१५ साली "रशिया" किंवा "ऑस्ट्रिया" लिहितं, कारण तेव्हा नकाशावर पोलंड नव्हता. १९२५ साली तेच कुटुंब "पोलंड" लिहितं.

८. एका कागदावर विश्वास नको

१८९२ च्या जनगणनेत आमचं कुटुंब मला ब्रुकलिनच्या एका वॉर्डात सापडलं, आडनावाची दोन अक्षरं उलटसुलट झालेली. खापरपणजोबा हयात, धंदा मजूर. म्हणजे मृत्यू १८९२ आणि १९०० च्या मधे. आठ वर्षांचाच शोध उरला. न्यू यॉर्क शहराच्या महानगर अभिलेखागाराने जुने मृत्यूचे दाखले फुकट ऑनलाइन ठेवले आहेत, त्यात तो मिळाला.

पण त्याच पानावर, नवऱ्याचे पणजोबा चार वर्षांचे आहेत त्याच्या लगेच वर, एक मुलगी होती. वय ७, जन्म अमेरिकेत, आडनाव तेच. १८८० साली ती जन्मलेली नव्हती. १९०० साली घरात नव्हती. १८९२ च्या कागदात नातं लिहिलेलं नाही, त्यामुळे ती पुतणी असेल, भाची असेल, कुणीही असेल. मी तिला वंशवृक्षात घातलं नाही.

मग १९०० चा फेडरल कागद पुन्हा काढला. त्या वर्षी बायकांना दोन प्रश्न विचारले होते: किती मुलं झाली, आणि त्यातली हयात किती. हे दोन आकडे मी आधी पाहिलेच नव्हते, कारण सूचीत ते दिसत नाहीत. मूळ पानावर, उजवीकडे, बारीक अक्षरात: ८ आणि ५.

मृत्यूच्या दाखल्यांत १८९३ साली ती मिळाली. घटसर्प. आईचं नाव तेच, पत्ताही तोच. त्या दिवशी ती वंशवृक्षात आली. लेक आता सातवीत आहे, तिने तो जुना तक्ता माळ्यावरून काढून नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

आठातली उरलेली दोन कोणत्याच खानेसुमारीत नाहीत. एका मोजणीनंतर जन्मली आणि दुसरीच्या आत गेली असावीत. त्यांच्यासाठी आता त्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहायच्या आहेत. तिथे नावं लॅटिनमध्ये लिहायची पद्धत होती, म्हणून सध्या मी जेम्सला "याकोबुस" म्हणतात इथपासून शिकते आहे.